आळ्याएवढी जमीन

दादरच्या पारशी कॉलनीत आधी झाडं आली, घरं नंतर. १८९६च्या प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीच्या वस्त्या पोखरल्या, त्यानंतर दोन वर्षांनी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने तेव्हाच्या शहराच्या उत्तर टोकाला, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनींवर, मुंबईचं पहिलं नियोजित उपनगर आखलं. त्यातले १०३ भूखंड मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी राखून घेण्यात मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याचा पुढाकार होता. जोशींनी घरं किती मजल्यांची असावीत याचा विचार केला, बागांचा केला, आणि कोणत्या रस्त्यावर कोणतं झाड असावं हेही ठरवलं. जाम-ए-जमशेद रोडवर अशोक, फिरदौसी रोडवर महोगनी. एकही इमारत उभी राहण्याआधी या रस्त्यांच्या कडेला रोपं लावून, त्यांना पिंजरे घालून झाले होते.

आज तिथून चालताना आपण त्या सावलीचं कौतुक करतो. कौतुक करायला हवं ते त्या क्रमाचं. रस्ता, गटार, घर आणि झाड यांपैकी झाडाची जागा तिथे आधी ठरली. नंतर आलेल्या प्रत्येकाला त्या जागेला वळसा घालून जावं लागलं. त्यानंतर वसलेल्या बहुतेक उपनगरांत हा क्रम उलटा झाला. आधी इमारती, मग रस्ता, मग पर्जन्यजलवाहिन्या, विजेच्या केबल, गॅसची पाइपलाइन, पार्किंग, आणि या सगळ्यातून फुटपाथावर उरलेल्या दीड-दोन फुटांच्या चौकोनात झाड. त्या चौकोनाला आपण आळं म्हणतो. रस्त्यावरच्या झाडाचं सगळं भवितव्य या आळ्यात आणि त्याच्या आजूबाजूच्या, आपल्याला न दिसणाऱ्या जमिनीत ठरतं. या प्रकरणात मुख्यतः त्या जमिनीबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडे आकडे. मुंबई महापालिकेच्या गेल्या पूर्ण वृक्षगणनेत शहरात २९ लाख ७५ हजार २८३ झाडं मोजली गेली. त्यांतली १५ लाखांहून जास्त खासगी आवारांत आहेत, ११ लाखांहून जास्त सरकारी आवारांत. रस्त्यांच्या कडेला आहेत फक्त १ लाख ८५ हजार ३३३, म्हणजे शंभरातली जेमतेम सहा. पण बस थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला, शाळेतून घरी येणाऱ्या मुलाला, भाजीच्या गाडीवाल्याला आणि दुपारी बारा वाजता पार्सल पोचवणाऱ्या तरुणाला सावली मिळते ती या सहांचीच. सोसायटीच्या कुंपणाआड कितीही हिरवळ असली तरी त्यांच्या वाट्याला ती येत नाही.

ही सावली किती मोलाची, याचं मोजमाप बंगळुरूमध्ये झालं आहे. संशोधक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या रस्त्यांची तुलना केली आणि तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. झाडं असलेल्या भागात दुपारच्या हवेचं तापमान उघड्या रस्त्यापेक्षा ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत कमी निघालं. डांबराच्या पृष्ठभागाच्या तापमानातला फरक तर २७.५ अंशांपर्यंत गेला. हवेतले तरंगते कण आणि सल्फर डायऑक्साइड यांचं प्रमाणही झाडं असलेल्या भागात कमी होतं. झाड नुसतं ऊन अडवत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. पाणी मिळालं तरच हे चालतं, आणि पाणी मिळण्यासाठी माती लागते. म्हणजे पुन्हा आळ्याशीच यायचं.

झाडाच्या मुळांबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे: झाड वर जेवढं उंच, तेवढंच ते खाली खोल. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या एक मीटर मातीत असतात आणि पाणी व क्षार शोषणारी बारीक मुळं तर वरच्या फूटभर थरात. खोल जाण्याऐवजी ती आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराबाहेर, अनेकदा त्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत. कारण सरळ आहे. मुळं जिवंत असतात आणि त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून हवा आत येते, आणि खोल जावं तशी ती विरळ होत जाते. म्हणून मुळं हवा आणि ओल दोन्ही जिथे मिळेल त्या थरात राहतात.

आता हे फुटपाथावर लावून पाहा. ज्या वरच्या फूटभर थरात झाडाचं जेवणखाण, तोच थर आपण रोलर फिरवून ठोकून काढतो. फुटपाथ खचू नये म्हणून ते करावंच लागतं, पण त्याने मातीतल्या पोकळ्या मिटतात. त्यावर काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक. मग मुळांना एकच जागा उरते: लादी आणि खालचा थर यांच्यामधली सांध. तिथे थोडी हवा असते, लादीच्या पोटाला ओल धरलेली असते. मुळं त्या सांधीतून धावतात, जाड होतात आणि लादी उचलतात. फुटपाथ उखडला की तक्रार येते, दुरुस्तीला माणसं येतात आणि वर आलेलं मूळ छिन्नीने किंवा कुऱ्हाडीने तोडून लाद्या पुन्हा सपाट बसवून जातात. त्या दिवशी झाडाला काहीच झालेलं दिसत नाही.

चर खणताना याहून मोठं नुकसान होतं. बुंध्यापासून दोन फुटांवरून फुटपाथाच्या लांबीने जेसीबीने चर गेला, तर झाडाची एका बाजूची आधाराची मुळं एका तासात तुटतात. साठवलेल्या अन्नावर झाड पुढचा एखादा हंगाम हिरवं राहतं, पालवीही फुटते. तुटलेल्या टोकांमधून बुरशी आत शिरते आणि कुजणं बुंध्याकडे सरकत जातं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर एका वादळी संध्याकाळी झाड मुळासकट उलटतं. तोवर चर कोणी खणला होता, कशासाठी, हे गल्लीत कोणाच्या लक्षात नसतं. दोष वाऱ्याला जातो.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या जवळून गेलं, तेव्हा ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचे झोत आले आणि शहरात दोन हजारांहून जास्त झाडं पडली. पडलेल्यांत बाहेरच्या देशांतून आलेल्या जाती जास्त होत्या, म्हणून नंतरची सगळी चर्चा देशी-विदेशी याच वळणाने गेली. त्यात तथ्य आहे. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, त्याची मुळं उथळ असतात आणि छत्री मात्र रुंद. पण माझ्या मते ती चर्चा अर्धीच राहिली. तोच गुलमोहर मैदानात मोकळ्या मातीत असेल तर चारी बाजूंनी मुळं रोवून उभा असतो. रस्त्याकडेच्या झाडाचं मूल्यमापन करताना त्याच्या जातीबरोबर त्याच्या पायाशी गेल्या दहा वर्षांत किती वेळा खोदकाम झालं हेही पाहायला हवं, आणि अशी नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

खोदकाम टाळता येत नाही हे मान्य. गटारं हवीत, केबल हव्यात. प्रश्न अंतराचा आणि हत्याराचा आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या मानकांत यासाठी साधं गणित दिलेलं आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास असेल, त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ संरक्षित धरायचं. खोड ४० सेंटिमीटर जाडीचं असेल तर बुंध्यापासून जवळजवळ पाच मीटर. आपल्या गल्लीची रुंदीच कधीकधी सहा-सात मीटर असते, त्यामुळे हा नियम तसाच्या तसा उचलून चालणार नाही. पण त्यातून पुढची पायरी मिळते. या वर्तुळात जेसीबी आणू नये, हाताने खणावं, मनगटाएवढ्या जाडीचं मूळ लागलं की ते न तोडता त्याच्या खालून पाइप सरकवावा. जमिनीखालून आडवं छिद्र पाडून केबल टाकण्याची यंत्रं आता आपल्या शहरांत सर्रास वापरात आहेत. रहदारी थांबू नये म्हणून ती वापरतात. झाडासाठीही वापरता येतील.

काँक्रिटीकरणाबाबत एक आदेश प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर असायला हवा. दिल्लीतल्या झाडांविषयीच्या एका अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की झाडाभोवतीच्या एक मीटर अंतरातलं काँक्रीट ताबडतोब काढावं आणि पुढे तिथे बांधकाम होऊ देऊ नये. देशभरातल्या वृक्षप्रेमींनी पुढे आपापल्या महापालिकांकडे हाच आदेश पुढे केला. मुंबईतही बुंध्यांभोवतीचं काँक्रीट फोडण्याच्या मोहिमा झाल्या. तरी शेकडो किलोमीटर रस्ते सिमेंटचे होत असताना, बुंध्याला भिडवून ओतलेलं काँक्रीट उपनगरांत आजही जागोजाग दिसतं. एक मीटर ही जागा झाडाच्या गरजेपेक्षा फार कमी आहे, पण तेवढीही मिळाली तर पावसाचं पाणी आत जातं, खोडाला जाड होण्याला वाव मिळतो आणि बुंध्यावर वाळवी चढतेय का, तडा गेलाय का हे निदान दिसतं.

इथे १९७५ या वर्षाकडे वळायला हवं. त्या वर्षी महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतल्या झाडांचं संरक्षण व जतन करणारा कायदा केला. तो आजही आपला मुख्य आधार आहे. त्याच वर्षी सिंगापूरने उद्यानं आणि वृक्षांविषयीचा आपला कायदा केला. दोन्ही कायद्यांनी झाड तोडण्यावर बंधनं आणली. सिंगापूरने त्यासोबत आणखी एक गोष्ट केली: सरकारी खाती असोत की खासगी विकासक, रस्ता किंवा वाहनतळ बांधताना झाडांसाठी जागा सोडणं त्यांना बंधनकारक केलं. तिथले पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९६३ मध्ये स्वतः झाड लावून सुरू केलेल्या मोहिमेला यामुळे जमीन मिळाली. सिंगापूरच्या रस्त्यांवर आज ज्या भव्य पर्जन्यवृक्षांच्या कमानी दिसतात, ती जात मुंबईतही आहे, तीही त्यांच्यासारखीच अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली. झाड तेच, पाऊस दोन्हीकडे भरपूर. फरक त्या सोडलेल्या पट्टीचा आहे. आपल्या कायद्याने झाड राखलं, त्याच्या पायाखालची जमीन राखायची राहून गेली.

जिथे पट्टी सोडायला जागाच नाही तिथेही मार्ग निघाला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात फुटपाथाखाली भरण्याचं एक मिश्रण विकसित केलं. ठरावीक आकाराची खडी आणि चिकणमाती. खडीचे दगड एकमेकांवर टेकून वरचं ओझं पेलतात, त्यांच्यामधल्या फटींतली माती सैल राहते आणि मुळं तिच्यातून फिरतात. स्टॉकहोमनेही मोठी खडी आणि कोळशाची भर वापरून आपल्या फुटपाथांखाली अशीच व्यवस्था केली आणि मरायला टेकलेली जुनी झाडं तिने सावरली. खडी आपल्याकडे आहे, कोळसा आहे, कंत्राटदार आहेत. निविदेत हे कलम नाही, एवढीच उणीव.

मातीनंतर दुसरा विषय करवतीचा. उपनगरात एप्रिल-मे आला की मान्सूनपूर्व छाटणी सुरू होते. धोकादायक फांद्या उतरवणं गरजेचं आहे आणि झाडावर चढून हे काम करणाऱ्या माणसांची जोखीमही मोठी असते. पण घाईत होणारी छाटणी झाडाला पुढच्या वादळासाठी आणखी दुबळी करते, आणि हे का होतं ते कळल्याशिवाय आपण त्याला हरकतही घेऊ शकत नाही.

अॅलेक्स शिगो या अमेरिकी वनसंशोधकाने आयुष्यभर झाडं उभी-आडवी चिरून आत काय घडतं ते पाहिलं. चेनसॉ उपलब्ध झाल्यावर त्यांनी हजारो खोडं लांबीने कापली. आपल्या जखमेत मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. झाडात तसं होत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. झाड जखमी भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभ्या करतं, कुजणारा भाग आत कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड वाढवतं. जखम आत तशीच राहते, जन्मभर. ही भिंत सगळ्यांत चांगली उभी राहते ती फांदीच्या तळाशी असलेल्या फुगीर कड्याजवळ, जिथे फांदी आणि खोड यांचे धागे एकमेकांत विणलेले असतात. म्हणून छाट त्या कड्याच्या लगेच बाहेर हवा. खोडाला सपाट लावून कापलं तर कडंच निघून जातं, आणि हातभर खुंट ठेवला तर तो कुजत कुजत खोडात उतरतो. पुढे ढोल्या पडतात त्या अशा ठिकाणी. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याचाही उपयोग नाही. त्याच्या आड ओल साचते आणि कूज पसरते.

जड फांदी तीन छाटांत उतरवायची असते. पहिला छाट खोडापासून फूटभर दूर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. त्याने फांदी पडते आणि खालच्या छाटामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा छाट उरलेल्या खुंटाचा, कड्याशी. यात वेळ थोडा जास्त जातो. एका वर्षात झाडाचा पाव भागापेक्षा जास्त पर्णसंभार काढू नये. शेंडा उडवलेल्या झाडाला तिथून झुबक्याने कोवळे फुटवे येतात. ते जुन्या लाकडात खोल रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात, आणि चार वर्षांत जाड होऊन तेच रस्त्यावर मोडून पडतात. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे फक्त रस्त्याकडची बाजू साफ करणं. मग सगळा भार इमारतीकडे झुकतो आणि काही वर्षांनी झाड धोकादायक म्हणून त्याच्यावर खूण येते.

छाटणीच्या काळात कावळ्यांपासून अनेक पक्ष्यांची घरटी झाडावर असतात आणि पाऊस सुरू झाला की बगळ्यांच्या वसाहतीही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी उद्ध्वस्त करणं गुन्हा आहे. छाटणीची गाडी येण्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या कोणीतरी दुर्बीण घेऊन वर पाहून ठेवलं आणि घरट्याच्या फांद्या दाखवल्या, तर काम करणारी माणसं त्या सोडतात. त्यांना खालून ओरडणारी माणसं नेहमी भेटतात, माहिती देणारी क्वचित.

खिळ्यांचंही असंच. सालीच्या लगेच आत झाडाचा वाढता थर आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली नेणाऱ्या वाहिन्या असतात. क्लासची पाटी, पेस्ट कंट्रोलची पाटी, भाड्याच्या खोलीची पाटी, असे वर्षानुवर्षं ठोकलेले खिळे म्हणजे बुरशीला तेवढी दारं. दिव्यांच्या माळांची तार किंवा पिंजऱ्याची सळी खोडाला आवळत गेली तर अन्न खाली उतरणंच थांबतं आणि मुळं उपाशी मरतात. पुण्यात 'आंघोळीची गोळी' या संस्थेने खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली. रविवारी सकाळी तरुण मुलं-मुली पकडी आणि हातोड्या घेऊन खिळे उपटू लागली, आणि हे लोण राज्यातल्या इतर शहरांत गेलं. मला ही मोहीम फार मोलाची वाटते, कारण तिला जागा, निधी, परवानगी यांतलं फारसं काहीच लागलं नाही.

खिळ्यांपलीकडचा गुन्हाही आपल्या शहरात घडतो. घाटकोपरच्या छेडानगरला १३ मे २०२४ रोजी महाकाय जाहिरातफलक कोसळून १७ माणसं गेली. त्याच परिसरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर विषप्रयोग झाल्याची, फलक दिसावेत म्हणून तो झाल्याच्या संशयाची तक्रार महापालिकेने त्याआधीच पोलिसांत केलेली होती. खोडाला भोकं पाडून आत रसायन ओतलं की झाड काही आठवड्यांत वाळतं. ज्या गल्लीत एखादं निरोगी झाड एकाएकी पानं टाकू लागतं, तिथे बुंध्याजवळ वाकून भोकं शोधावीत, फोटो काढावेत आणि लेखी तक्रार द्यावी. भोकं वेळेत सापडली तर निदान शेजारची झाडं वाचतात.

आता लावण्याकडे. पहिला प्रश्न नेहमी 'कोणतं झाड?' असा असतो. त्याआधी मान वर करून पाहावं. वर विजेच्या तारा असतील तर बहावा, तामण, कांचन, सीता अशोक अशी मध्यम उंचीची झाडं लावावीत. तामण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरतं आणि आटोपशीर राहतं. रस्ता रुंद आणि डोक्यावर आकाश मोकळं असेल तर करंज, कडुलिंब, पुत्रंजीव. बकुळ हळू वाढते, पण तिच्या गर्द सावलीला तोड नाही आणि समुद्राजवळची हवाही ती सोसते. किनारी उपनगरात भेंडाचं झाड, ज्याची पिवळी फुलं संध्याकाळी तांबूस होतात, ते खाऱ्या वाऱ्यातही तग धरतं. वड, पिंपळ, उंबर ही आपली मानाची झाडं, पक्ष्यांना सर्वांत जास्त खाऊ घालणारी. त्यांना मैदानाच्या कडेला, चौकातल्या मोठ्या बेटावर, तलावाच्या काठी जागा द्यावी. अरुंद फुटपाथावर लावून दहा वर्षांनी त्यांच्यावर कुऱ्हाड चालवण्यापेक्षा ते बरं.

दुसरा प्रश्न सरमिसळीचा. एका रस्त्यावर एकच जात, ही दादर पारशी कॉलनीची रचना डोळ्यांना फार सुंदर दिसते. तिच्यात एक धोकाही आहे आणि तो अमेरिकेने भोगला. तिथल्या उपनगरांत रस्तोरस्ती एल्म या एकाच झाडाच्या कमानी होत्या. १९३०च्या सुमाराला युरोपातून आलेल्या लाकडांबरोबर एक बुरशी पोचली, भुंगेऱ्यांनी ती झाडाझाडाला नेली, शेजारच्या झाडांच्या जुळलेल्या मुळांतूनही ती पसरली आणि पुढच्या काही दशकांत कोट्यवधी एल्म गेले. गल्ल्याच्या गल्ल्या एका पिढीत उघड्या पडल्या. फ्रँक सॅन्टॅमोर या शास्त्रज्ञाने १९९० साली सुचवलेलं प्रमाण या अनुभवातून आलं: शहरात कोणत्याही एका जातीची झाडं दहा टक्क्यांहून, एका प्रजातीगटाची वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून जास्त नसावीत. मुंबईच्या पूर्व उपनगरांत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा ओळीने उभी असलेली मोठमोठी झाडं वाळली. ज्या रस्त्यावर फक्त तीच होती तिथे सावलीच संपली. मला वाटतं, एका गल्लीपुरती एकच जात ठेवायला हरकत नाही, पण शेजारच्या गल्लीत वेगळी हवी. जोशींनीही एका रस्त्यावर अशोक लावला आणि दुसऱ्यावर महोगनी.

पाच जूनला खड्डे खणून फोटो काढण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. रोपासाठी तो दिवस तसा बराच असतो, कारण पाऊस आठवड्यावर आलेला असतो. पण खड्डा मे महिन्यात तयार हवा. लांबी, रुंदी, खोली तीन-तीन फूट. उपनगरातल्या फुटपाथाखाली माती क्वचित निघते. निघतं ते विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, प्लास्टिक. ते डेब्रिज सगळं बाहेर काढून पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत भरावं. हे न करता लावलेलं झाड पहिल्या पावसात तरारतं आणि पुढच्या मे महिन्यात सुकतं, आणि आपण उन्हाळ्याला दोष देतो.

रोप सहा ते आठ फुटांचं, सरळ खोडाचं घ्यावं. नर्सरीतच पिशवी सोडून पाहायला सांगावं. जास्त दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात. ती तशीच जमिनीत गेली तर गोलच वाढत राहतात आणि पंधरा-वीस वर्षांनी स्वतःच्याच खोडाला विळखा घालतात. लावताना पिशवी पूर्ण काढायची, फिरलेली मुळं मोकळी करायची किंवा कापायची, आणि खोड जिथे मुळांकडे रुंद होत जातं तो भाग मातीच्या पातळीवर ठेवायचा. खोल पुरलेलं रोप बुंध्याशी कुजतं. याच कारणाने मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती माती चढवून बांधलेले सिमेंटचे कट्टे घातक असतात, बसायला कितीही सोयीचे वाटले तरी. आधाराच्या काठ्या दोन लावाव्यात आणि रुंद, मऊ पट्टीने सैल बांधावं. वाऱ्याने खोड थोडं हललं पाहिजे, त्या हालचालीनेच ते जाड होतं.

आणि मग पाणी. महाराष्ट्रात पाऊस चार महिने पडतो, उरलेले आठ महिने रोप आपल्यावर अवलंबून असतं. पहिले तीन उन्हाळे निर्णायक. रोज तांब्याभर पाणी घातलं की वरचे दोन इंच भिजतात आणि मुळंही तिथेच घुटमळतात. आठवड्यातून दोनदा दोन बादल्या, सावकाश जिरेल अशा, घातल्या तर ओल खाली जाते आणि मुळं तिच्यामागे जातात. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्यावा, खोडाला न चिकटवता. सोसायटीतला झाडलोटीचा पाला पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकण्याऐवजी हे करता येतं. ज्या गल्लीत एका एका झाडाला जवळच्या दुकानाचं किंवा तळमजल्यावरच्या घराचं नाव जोडलेलं असतं तिथे पाणी पोचतं. 'सगळ्यांनी मिळून' घालायचं ठरलेलं पाणी फेब्रुवारीनंतर कोणी घालत नाही. म्हणून मी म्हणेन, शंभर रोपं लावण्याचा संकल्प करणाऱ्या सोसायटीने बारा लावावीत आणि बारा माणसं नेमावीत.

कायद्याची ओळख प्रत्येक गल्लीत निदान दोघांना तरी हवी. १९७५च्या कायद्यात झाड तोडणं याचा अर्थ नुसतं कापणं नाही. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्यात येतं. परवानगी वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण देतात. तोडायच्या झाडावर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ही नोटीस अनेकदा पावसाने भिजलेल्या कागदावर, वाहनाच्या मागे झाकलेली असते. म्हणून आठवड्यातून एकदा आपल्या रस्त्यावरून झाडांच्या खोडांकडे पाहत चालण्याची सवय उपयोगाची. हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. हरकतीत भावनेपेक्षा माहिती असावी: झाडाची जात, खोडाचा घेर, कीड आहे की नाही, घरटी, आणि रस्त्याची आखणी थोडी सरकवता येते का. कित्येकदा आखणी दोन फूट सरकवून झाड राहू शकतं, फक्त ते नकाशावर दाखवलेलं नसतं.

२०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडावं लागलं तर त्याच्या वयाएवढी रोपं लावण्याची अट आली. वयाला कायद्यात मोल आलं, ही चांगली गोष्ट झाली. तरी साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षाच्या बदल्यात साठ रोपं लावायची, तर लावायची कुठे? त्या रस्त्यावर तेवढी जागा नसते. मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या टेकडीवर किंवा डोंगरउतारावर जातात. कागदावर हिशेब जुळतो आणि इकडे बस थांबा उन्हात राहतो. बदली झाडांपैकी काही तरी त्याच रस्त्यावर, मोकळ्या केलेल्या आळ्यांत लागली पाहिजेत, असा आग्रह हरकतीच्या सुनावणीतच धरावा. नंतर ऐकायला कोणी नसतं.

लावलेली झाडं जगली की आणखी एक काम उरतं, आणि ते जवळजवळ सगळेच विसरतात. दोन पावसाळ्यांनंतर आधाराच्या काठ्या काढाव्यात, बांधलेल्या पट्ट्या सोडाव्यात. चार-पाच वर्षांनी खोड पिंजऱ्याच्या वरच्या कड्याला टेकायच्या आत पिंजरा कापून काढावा आणि पुढच्या रोपाला वापरावा. वेल्डिंगच्या दुकानातला माणूस ग्राइंडर घेऊन आला तर एका सकाळी अख्खी गल्ली होते. त्याच सकाळी आळ्यांच्या कडेच्या लाद्यांची एक ओळ काढून टाकावी, म्हणजे खोडाला पुढच्या दहा वर्षांची जागा मिळते.